‘रान’ या शब्दाची फाळणी

नांदेड-लातूरकडच्या खेड्यात एखाद्या घरी चौकशी केली आणि घरधनी ‘रानात गेले’ असे उत्तर आले, तर ते जंगलात गेले असा अर्थ कोणी घेत नाही. ते शेतात गेलेले असतात. त्याच घरातील माणसे रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी असे शब्द योजतात, तेव्हा मात्र त्या ‘राना’ला नांगराचा स्पर्श झालेला नसतो. पेरलेल्या आणि न पेरलेल्या अशा दोन्ही भूमींना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे. यात शब्दांचे दारिद्र्य नाही. बांधाच्या अलीकडे पिकते आणि पलीकडे आपोआप उगवते ते एकाच मातीचे, हे पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान त्या शब्दात साठविलेले आहे. मराठी साहित्याने मात्र या शब्दाची फाळणी केली, असे आमचे नम्र मत आहे. त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

प्रथम अरण्यलेखनाकडे पाहू. मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत नवेगाव, नागझिरा, मेळघाट या विदर्भातील अरण्यांत त्यांनी जे पाहिले, ते ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘चकवाचांदण’ अशा ग्रंथांतून मराठी वाचकांच्या घरी पोहोचले. त्यांची थोरवी दुहेरी आहे. त्यांनी पाहिले, आणि पाहिलेल्याला नावे दिली. कावळ्यांच्या सामूहिक वसतिस्थानाला ‘काकागार’ आणि बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनी घडविले. आदिवासी आणि ढीवर यांच्या तोंडची नावे त्यांनी आदराने टिपली. भाषा समृद्ध करणारा असा लेखक विरळाच.

तथापि या परंपरेचे एक वैशिष्ट्य मराठवाड्यातील वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. येथील अरण्य बहुधा वनखात्याच्या हद्दीपाशी संपते. हद्दीबाहेरचे शेत, तेथील तूर, रात्रभर जागणारा कुणबी ही या लेखनात गौण राहतात. निरीक्षकाची दृष्टी जनावरावर खिळलेली असते आणि जनावराने काय खाल्ले हे तो कुतूहलाने नोंदवितो. ज्याचे खाल्ले त्याच्या दारी तो क्वचितच जातो.

आता ग्रामीण कथा-कादंबरीकडे वळू. लातूर तालुक्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ साली दिली. गावातील शिंप्याच्या संसाराची होत जाणारी वाताहत त्याच्या पत्नीच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगणारी ही कादंबरी मराठवाड्याच्या भाषेला साहित्यात मानाचे पान देऊन गेली. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी बोराडे गेले. त्यांच्या कथासंग्रहांची नावे पाहावीत : ‘पेरणी’, ‘मळणी’, ‘वाळवण’, ‘राखण’. शेतीचे जणू वर्षचक्रच या नावांतून उभे राहते. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथाही अशीच विसरता न येणारी आहे. भाव न मिळाल्याने भर बाजारात स्वतःचे टोमॅटो पायांखाली तुडविणारा बाप ज्याने वाचला, त्याला बाजारभाव हा शब्द पुन्हा निर्विकारपणे उच्चारता येत नाही.

या साहित्यात दुष्काळ आहे, कर्ज आहे, भाऊबंदकी आहे, बैल आहे. परंतु जे रोही, जी हरणे, जी रानडुकरे रोज रात्री याच शेतांत उतरतात, ती आमच्या वाचनात अगदी तुरळक आली. बैलाच्या मरणावर आपल्या कथाकारांनी अश्रू ढाळले. लांडग्याची नोंद घेण्यास त्यांना सवड झाली नाही. यावर कोणी म्हणेल की, ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्याने हरणाचे वर्णन करीत बसावे काय? आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. परंतु हरभऱ्याचे घाटे एका रात्रीत खाऊन जाणारे हरीण हा शेतकऱ्याच्या लेखी वर्णनाचा विषय नाही, तो त्याच्या वर्षाच्या हिशेबाचा विषय आहे. सावकार आणि अडत्या ज्या वहीत येतात, त्याच वहीत रानडुक्करही येते. मग कथेतून तेवढेच का वगळावे?

ही फाळणी किती खोल गेली आहे, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या उदाहरणावरून कळते. ‘बनगरवाडी’ (१९५५) हे माणदेशातील धनगरांच्या वस्तीचे पुस्तक, तर ‘सत्तांतर’ (१९८२) हे वानरांच्या टोळ्यांचे. दोन्ही एकाच समर्थ लेखणीतून उतरली. तरीही आपण त्यांना दोन निरनिराळ्या फडताळांत ठेवितो : एक ग्रामीण साहित्य, दुसरे निसर्गसाहित्य. दोन्ही पुस्तकांत भूमीवरच्या हक्काचाच प्रश्न आहे, हे या वर्गवारीत हरवून जाते.

या दोन फडताळांत न मावणारे एक पुस्तक लातूरनेच दिले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७). लातूर तालुक्यातील धनेगावच्या, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतील या लेखकाच्या आत्मकथनास १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. येथे रानातील जीव दिसतात ते भुकेल्या मुलाला. उंदीर-घुशी हे तेथे अन्न आहे. सौंदर्याची किंवा नुकसानीची गोष्ट करण्याइतकी उसंत त्या घराला नाही. अरण्यलेखक पाहतो, शेतकरी राखतो, आणि हा मुलगा पोट भरतो. रानाकडे पाहणारी ही तिसरी नजर आपल्या समीक्षेने सामाजिक दस्तऐवज म्हणून गौरविली. रानाविषयीचे ज्ञान म्हणून ती वाचली नाही.

फाळणीपूर्वीचा अखंड शब्द पाहावयाचा असेल, तर ना. धों. महानोरांकडे जावे लागते. अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेड्याचे हे शेतकरी-कवी ३ ऑगस्ट २०२३ रोजी निवर्तले. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या त्यांच्या पहिल्याच संग्रहाचे नाव घ्या. हे रान शेत आहे की अरण्य, असे विचारले तर उत्तर देता येत नाही, आणि तेच त्या नावाचे यश आहे. तेथे ज्वारी आणि पाखरू यांत बांध नाही. मात्र कवितेने जे साधले, त्याचा भार पुढे कथा-कादंबरीने उचलावयास हवा होता. गीताच्या लयीत पाखरू आणि कणीस सुखाने नांदतात; गद्यात त्या दोहोंमध्ये गोफण येते. ती गोफण कोणीतरी लिहावयास हवी होती.

हा प्रश्न केवळ पुस्तकांचा नाही. लातूर जिल्ह्यात वनाखालील जमीन एक टक्क्याहूनही कमी आहे. तेथील काळवीट राहणार ते शेतातच. नांदेडच्या टोकाला किनवट-माहूरकडे सागवानाचे जंगल आणि पैनगंगेचे अभयारण्य आहे, पण तेथेही जंगल आणि कपाशी एकमेकींना चिकटून आहेत. २०१९ साली गळ्यात रेडिओपट्टा असलेला टिपेश्वरचा एक तरुण वाघ किनवटच्या जंगलातून, तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरांच्या त्या प्रवासाचा मोठा भाग शेतशिवारांतून झाला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात आढळला. वाघाला आपली दोन फडताळे ठाऊक नाहीत.

रात्री माळ्यावर बसून डबे बडविणारा शेतकरी, झालेल्या नुकसानीच्या पंचनाम्यासाठी मारावे लागणारे खेटे, उन्हाळ्यात कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले हरीण आणि त्याला दोर सोडून वर काढणारी तीच गावकरी माणसे, ही सारी या भागातील रोजची हकीकत आहे. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते. तिला डुक्कर लागते, आणि कधी शेजारचा माणूसही. पिकाची राखण कोठे संपते आणि हत्या कोठे सुरू होते, हा प्रश्न कोणत्याही थोर कादंबरीला पुरेल एवढा मोठा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा वर्तमानपत्रांनी घागरींच्या रांगा दाखविल्या. त्या उन्हाळ्यात माळावरची हरणे कोठे पाणी प्याली, हे सांगणारी कथा आमच्या पाहण्यात नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि उद्घाटक महानोर. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेला धर्मगुरू आणि पळसखेड्याचा शेतकरी-कवी मराठवाड्याच्या भूमीवर एका व्यासपीठावर आले, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. दोघांनाही झाड वाचवणे आणि माणूस वाचवणे ही वेगळी कामे वाटली नाहीत. आज दोघेही आपल्यात नाहीत.

पुढचे काम आता नव्या लेखकांचे आहे. ज्या घरांत रात्रीची राखण अजून चालते, त्या घरांतील शिकलेल्या मुला-मुलींनी लेखणी हाती घ्यावी. आजोबांना कोणत्या पायखुणेवरून रोही ओळखता येते, टिटवी कोणत्या वेळी ओरडली म्हणजे ते उठून बसतात, कोणत्या साली डुकरे प्रथम शिवारात आली, हे त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावे. राग आला तर रागही लिहावा, आणि विहिरीत पडलेल्या हरणासाठी दोर टाकताना काय वाटले तेही लिहावे. असे लेखन बोजड किंवा ओबडधोबड असले तरी चालेल. त्यात शेत आणि जंगल ही दोन्ही राने एकत्र असली, म्हणजे आमच्यासारख्या वाचकाला ते पुरेसे आहे.