महिकावतीच्या बखरींतील स्वप्न व आमची चिकित्सा

कै. राजवाडे यांनीं इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोंकणच्या अभ्यासकांस परिचित आहेच. तिचा जुना भाग केशवाचार्यानें शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास रचिला. निमित्त असें कीं, कांदिवलीस लागून असलेल्या मालाडचा देसला नायकोराव यास देवीनें स्वप्नांत महाराष्ट्रधर्म सांगण्याची आज्ञा केली. या स्वप्नाचें चिकित्सकानें काय करावें?

एक वाट अशी कीं, भाकडकथा म्हणून तें गाळावें आणि वंश, गांवें व शक तेवढे उचलावे. दुसरी अशी कीं, त्यांत आधुनिक राष्ट्रभावनेचा पुरावा पाहावा. दोन्ही वाटा विरुद्ध दिसतात. पण दोहींत निकाल आधींच ठरलेला असतो, पोथीनें फक्त साक्ष द्यावयाची. बुद्धीनें प्रथम स्वतःची मर्यादा तपासावी, असें कांटनें १७८१ मध्यें सांगितलें. होर्कहायमर व आडोर्नो यांनीं १९४७ च्या ग्रंथांत पुढें जाऊन दाखविलें कीं, पुराणकथा मोडावयास निघालेली बुद्धि वस्तूचा केवळ उपयोगच मोजूं लागली, म्हणजे स्वतःच पुराणकथा बनते.

अस्सल पत्रापुढें बखर दुय्यम, हा दंडक राजवाड्यांनींच साधनांच्या प्रस्तावनांतून घालून दिला, व तो अवश्य होता. तथापि तेच राजवाडे ही बखर छापितांना स्वप्न गाळीत नाहींत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. स्वप्न खरोखर पडलें किंवा नाहीं, हें ठरविण्यास साधन नाहीं. परंतु त्या काळच्या साष्टींत लोकांस एकत्र बोलावणारा शब्द देवीच्या नांवानें उच्चारावा लागे, ही गोष्ट त्यावरून कळते. ती सनदेंत सहसा सांपडावयाची नाहीं.

कांदिवलीच्या पूर्वेस आकुर्लीजवळ पडण टेकडी आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ मध्यें तिचें वर्णन केलें, तें लेखांबरोबर खडकांवरील पावलांचेंहि. केवळ अक्षरें उतरून पावलें सोडलीं असतीं, तर त्या स्थळाचें पूज्यत्व आम्हांस कळलें नसतें.

याचा अर्थ बुद्धीस रजा द्यावी असा नव्हे. तसें केल्यास बनावट वंशावळ व अस्सल महजर यांत भेद उरणार नाहीं. बुद्धीचे दोष बुद्धीनेंच शोधावयाचे आहेत. संग्राहकांस विनंती एवढीच कीं, नक्कल करितांना निरुपयोगी वाटणारें पानहि गाळूं नये. तें आज आम्हांस निरुपयोगी वाटतें, हा दोष पानाचाच असेल असें नाहीं.