शिडांच्या जहाजावरची इंग्रजी

'बाय अँड लार्ज ठीक आहे' असे आपल्याकडेही सर्रास कानावर पडते. एकंदरीत, ढोबळमानाने, असा त्याचा रूढ अर्थ. हे तीन शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की जन्मभर इंग्रजी बोलणाऱ्यालाही त्यांतून कसले चित्र दिसत नाही. चित्र दिसायला हवे असेल तर दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या शिडाच्या जहाजावर, सुकाणू धरणाऱ्या खलाशाच्या शेजारी जाऊन उभे राहावे लागते.

आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडे बांधलेले जहाज वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. फार तर वाऱ्याशी साठ-सत्तर अंशांचा कोन साधून, तिरके तिरके, अंग चोरत ते पुढे सरकते. या चालीला खलाशी 'बाय द विंड' म्हणत. वारा मागच्या अंगाने येत असेल तर शिडे फुगतात आणि जहाज मोकळे धावते. ती चाल 'लार्ज'. एका चालीत गुणी असलेले जहाज दुसरीत बहुधा अडते. रुंद पोटाचे जहाज मागच्या वाऱ्यावर झकास पळते, पण वाऱ्याला तोंड देताना बाजूला घसरत राहते. म्हणून दोन्हीकडे उतरणारे जहाज दुर्मीळ, आणि त्याची तारीफ म्हणजे ते 'बाय' आणि 'लार्ज' दोन्ही चालींत नीट चालते. सॅम्युअल स्टर्मीच्या १६६९ सालच्या नौकानयनावरील ग्रंथात ही जोडी छापलेली सापडते. बारकावा असा की खलाशाच्या तोंडी यात ढोबळपणाचा लवलेशही नव्हता. अवघडातली अवघड चाल आणि सोप्यातली सोपी चाल, दोन्ही पारखून दिलेला हा निवाडा होता. इतकी कसून घेतलेली परीक्षा तीन छोट्या शब्दांत बसवणाऱ्या त्या अनाम माणसाला दाद द्यावीशी वाटते.

'बाय द विंड' या चालीतूनच 'टेकन अबॅक' निघाला. आपण त्याचा अर्थ 'चकित झालो', 'गांगरलो' असा घेतो. जहाजावरची घटना त्याहून पुष्कळ भयंकर असे. वाऱ्याशी शक्य तितका कमी कोन ठेवून जहाज चालले असताना सुकाणूवाल्याची नजर शिडाच्या वाऱ्याकडच्या कडेवर खिळलेली असते. ती कड किंचित थरथरली की सीमा आली. इथे क्षणभर लक्ष ढळले, किंवा वाऱ्यानेच अचानक दिशा बदलली, की वारा शिडाच्या पुढच्या अंगावर आदळतो. कापड फटकन डोलकाठीवर चिकटते आणि पुढे ओढणाऱ्या बैलांनीच गाडी मागे रेटू लागावे तशी सारी शिडे जहाजाला उलटे ढकलू लागतात. डोलकाठ्यांना ताण देणारे बहुतेक दोर मागच्या बाजूला बांधलेले असतात, कारण जोर नेहमी मागून येणार हे गृहीत धरलेले असते. समोरून आलेला धक्का त्यांना पेलत नाही. डोलकाठ्या मोडू शकतात. जहाज मागे जाऊ लागले की सुकाणूही उलटे काम करू लागते.

आता यातली खरी नजाकत पाहा. हीच गोष्ट खलाशी मुद्दामही करत. समुद्रात होडी उतरवायची असेल, कुणाची वाट पाहायची असेल, तर एखादे शीड जाणूनबुजून वाऱ्याच्या उलट फिरवून ते जहाज जागच्या जागी रोखून धरत. शीड तेच, वाराही तोच. फरक एवढाच की इथे माणूस शीड फिरवतो आणि तिथे वारा जहाजाला गाठतो. म्हणून सगळे मर्म 'टेकन' या कर्मणी रूपात आहे. ज्या गोष्टीवर आपली हुकमत असते, तीच गोष्ट आपल्यावर उलटते तेव्हाची भांबावलेली अवस्था इतक्या नेमकेपणाने टिपणारा शब्द सहज सापडत नाही.

'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे झिंगलेला. इथे 'शीट' म्हणजे शीड अशी बहुतेकांची समजूत असते, आणि तीच या वाक्प्रचाराची गंमत झाकून टाकते. जहाजावर शीट म्हणजे दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला आणि शीड ताणून धरणारा. तो सुटला की शीड वाऱ्यावर फडफडू लागते. एक सुटला तर जहाज थोडे डळमळते. तीन सुटले तर झोकांड्या खाते. म्हणजे ही नशेची मोजपट्टी आहे. १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'ट्रेझर आयलंड'मध्ये स्टीव्हन्सनने लाँग जॉन सिल्व्हर या चाच्याच्या तोंडी एकाच शीटचा उल्लेख घातला आहे. सिल्व्हरसारख्या मुरलेल्या माणसाला एका दोराचा आणि तीन दोरांचा फरक ठाऊक असणारच. लेखकाने पात्राला भाषा द्यावी ती अशी.

'टु द बिटर एंड'कडे जरा सावकाश पाहायला हवे, कारण इथे दोन प्रवाह मिळतात. जहाजाच्या पुढच्या भागात, डेकवर, जाड लाकडी खुंट असत. त्यांना 'बिट्स' म्हणत. नांगराचा दोरखंड त्यांना वेढा देऊन सोडला जाई, आणि जहाजाच्या आत उरणारे त्याचे टोक म्हणजे 'बिटर्स एंड'. ही व्याख्या कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ सालच्या आपल्या 'सी ग्रामर'मध्ये दिली आहे. व्हर्जिनियातल्या इंग्रज वसाहतीच्या इतिहासात पोकाहाँटसबरोबर ज्याचे नाव येते तोच हा स्मिथ. पाणी खोल, वादळ जोरात, नांगर धरत नाही, म्हणून दोर सोडत सोडत ते टोक खुंटापाशी आले की पुढे सोडायला काही उरत नाही. दुसरा प्रवाह बायबलचा. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात 'नीतिसूत्रे' या पुस्तकात शेवट कडू असल्याचे वचन आहे, आणि 'बिटर' म्हणजे कडू हे तर कुणालाही माहीत. यातला खरा उगम कोणता यावर कोशकारांचे एकमत नाही. माझ्या मते वाक्प्रचाराची ताकद या दुहेरीपणातच आहे. दोर संपल्याची जाणीव आणि जिभेवरची कडवट चव एकाच शब्दात येते. एक अर्थ दुसऱ्याला बळ देतो.

शेवटपर्यंत तग धरण्याची ज्याची तयारी नसे, त्याच्यासाठी 'कट अँड रन' होते. नांगर वर ओढायला वेळ नाही, शत्रू जवळ आला आहे, तर कुऱ्हाडीने दोरच तोडायचा आणि शिडे सोडून निघायचे. डेव्हिड स्टीलच्या १७९४ च्या ग्रंथात हे रीतसर नोंदवलेले आहे. नांगरासारखी मोलाची वस्तू समुद्रतळाशी सोडून द्यावी लागे, ही किंमत त्या 'कट'मध्ये दडलेली आहे.

जहाजाच्या स्वयंपाकघरातून आलेला 'स्लश फंड' मला फार आवडतो. खारवलेले गोमांस आणि डुकराचे मांस मोठ्या भांड्यांत उकळले की वर चरबीचा थर येई. तो 'स्लश'. त्यातला काही डोलकाठ्यांना आणि दोरांना वंगण म्हणून जाई, उरलेला बंदरात मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्यांना विकला जाई. अमेरिकी नौदलात या पैशातून खलाशांसाठी छोट्यामोठ्या सुखसोयी घेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या लेखनात हा फंड भेटतो. पुढे राजकारणात त्याला गुप्त पैशाचा, लाचेचा अर्थ चिकटला. तरी मूळ शब्द ज्याने निवडला त्याच्या नाकाला सलाम करावा: हिशेबाच्या वहीत न दाखवलेल्या पैशाला उकळलेल्या चरबीचा वास अगदी शोभतो.

प्रत्येक गोष्ट समुद्रातून आली असे मानणारेही पुष्कळ आहेत, आणि रसिकाला इथे पारख लागते. 'पॉश' या शब्दाची कथा तर थेट मुंबईशी जोडली जाते. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटीने इंग्लंडहून मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली सावलीची, म्हणून श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरे मारली जात, असे सांगतात. सावलीचा हिशेब बरोबर आहे, कथा मात्र खोटी. तसे तिकीट आजवर कुणाला सापडलेले नाही, कंपनीच्या कागदपत्रांतही त्याला आधार नाही, आणि शब्द छापात आल्यानंतर कित्येक वर्षांनी ही कथा उगवली. आद्याक्षरांतून जुने शब्द जन्मल्याच्या जवळपास सगळ्या कथा अशाच पोकळ निघतात. 'द डेव्हिल टु पे'ची गोष्ट याहून मजेदार. सैतानाशी करार केला तर पुढे परतफेड करावी लागणारच, असा तो जमिनीवरचाच जुना वाक्प्रचार. पण जहाजाच्या फळ्यांमधल्या एका अवघड फटीलाही खलाशी 'डेव्हिल' म्हणत आणि फट डांबराने बुजवण्याला 'पे'. त्यांनी जमिनीवरचा वाक्प्रचार उचलला आणि त्याच्या मागे 'आणि डांबर तर तापलेलेच नाही' अशा अर्थाची शेपटी जोडली. उगम समुद्रातला नसला, तरी त्या शेपटीत समुद्रावरची हजरजबाबी वृत्ती पुरेपूर आहे.

'टर्न अ ब्लाइंड आय' या वाक्प्रचाराला कायमची जोडली गेलेली कथा मात्र तपशिलात शिरून वाचावी अशी. २ एप्रिल १८०१. कोपनहेगनसमोर डॅनिश तोफांशी इंग्रज आरमाराची लढाई जुंपली आहे. सरसेनापती सर हाइड पार्कर काही मैल दूर, उथळ पाणी आणि प्रतिकूल वारा यांमुळे अडकलेला. पुढच्या तुकडीचा प्रमुख नेल्सन 'एलिफंट' या जहाजावर आहे. दुपारी पार्करच्या जहाजावर ३९ क्रमांकाचा संकेत चढतो: लढाई थांबवा. नेल्सन सांगतो, संकेत मिळाला एवढे कळवा. तो पुढच्या जहाजांसाठी पुन्हा चढवू मात्र देत नाही. मग विचारतो, माझा १६ क्रमांकाचा संकेत, जवळून लढण्याचा, अजून वर आहे ना? तो तसाच राहू द्या. आणि मग कॅप्टन फोलीकडे वळून तो आपल्या एका डोळ्याच्या हक्काची आठवण देतो, दुर्बीण उजव्या डोळ्याला लावतो. त्या डोळ्याची दृष्टी १७९४ साली कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात गेली होती. दुर्बिणीचा तपशील मागाहून रंगवला गेला असे मानणारे इतिहासकार आहेत.

पण दुर्बीण वगळली तरी प्रसंगाचे तेज कमी होत नाही, कारण त्याच वेळी आणखी दोन माणसांनी तो संकेत पाहिला होता. रिअर अॅडमिरल ग्रेव्ह्जने तो आपल्या जहाजावर चढवला खरा, पण इतरांना नीट दिसणार नाही अशा जागी, आणि नेल्सनचा १६ क्रमांक तसाच ठळक ठेवला. आज्ञाही पाळली आणि लढाईही थांबवली नाही. कॅप्टन रायूने मात्र आपल्या फ्रिगेटी मागे वळवल्या. वळताना जहाजाची मागची, कच्ची बाजू शत्रूसमोर आली आणि तोफेच्या गोळ्याने रायू ठार झाला. एकच संकेत, तीन माणसे, तीन प्रकारचे पाहणे. दिसत असूनही जाणूनबुजून डोळेझाक करणे, असा आजचा अर्थ आहे, आणि त्यात जबाबदारी टाळण्याची छटा असते. नेल्सनच्या बाबतीत ते पूर्ण जबाबदारीने घेतलेले पाऊल होते, आणि हरला असता तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागली असती.

'लूज कॅनन'चा उगम शोधताना खलाशांच्या बोलीपेक्षा एका कादंबरीकडेच जास्त बोट दाखवले जाते, आणि ती कादंबरी फ्रेंच आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८७४ सालच्या 'त्र्याण्णव' या कादंबरीत 'क्लेमोर' जहाजावर एक तोफ साखळी तोडून सुटते. चाकांवरची अवजड तोफ जहाजाच्या हेलकाव्यांबरोबर इकडून तिकडे धावते, माणसे चिरडते, इतर तोफा मोडते, जहाजाच्या भिंती फोडते. ह्यूगो तिला जिवंत श्वापदासारखी रंगवतो. जिच्यावर शत्रूला मारण्याची भिस्त, तीच घरात धुमाकूळ घालते. तोफ नीट न बांधणारा गोलंदाजच अखेर जीव धोक्यात घालून तिला आवरतो. जहाजावरचा वृद्ध सरदार त्याच्या छातीवर शौर्याचे पदक लावतो, आणि पुढच्याच क्षणी निष्काळजीपणासाठी त्याला गोळी घालण्याचा हुकूम देतो. आज बेताल बोलणाऱ्या पुढाऱ्याला वर्तमानपत्रे 'लूज कॅनन' म्हणतात. ह्यूगोच्या प्रसंगात नजर तोफेवरून सरकून ती बांधायला विसरलेल्या माणसावर स्थिरावते, आणि त्या प्रसंगाची थोरवी तिथेच आहे.

हे खुंट, शिडाच्या खालच्या कोपऱ्यांना ताणणारे हे दोर, या तोफा डोळ्यांनी पाहायच्या असतील तर सोय आहे, आणि तिचा धागा मुंबईला जोडलेला आहे. ब्रिटिश नौदलासाठी 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडमधले ओकचे लाकूड कमी पडू लागले होते, म्हणून काम मुंबईकडे आले. ती आज ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगती आहे आणि लोकांना आत जाऊन पाहता येते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक दिवस काढून तिथे जरूर जावे, आणि जाताना मुलांनाही बरोबर न्यावे.