ग्लीसन यांचे चित्र आणि बेरजेची गफलत

डोनल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनी १९६६ साली पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाची प्रतवारी मांडली. तिच्यासाठी त्यांनी स्वतः काढलेले रेखाचित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पोचले. वरच्या टोकाला सुट्या, गोलसर, नीटनेटक्या नलिका. खाली येत जावे तसतशा त्या एकमेकींत मिसळतात आणि तळाशी नलिका उरतच नाहीत, नुसत्या विखुरलेल्या पेशी दिसतात. या पायऱ्यांना १ ते ५ असे क्रमांक आहेत.

चित्र उत्तम आहे. पेशीकेंद्राच्या बारकाव्यांत न शिरता ग्लीसन यांनी फक्त मांडणी पाहिली, आणि तीही सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगातून. गडबड आहे ती पुढच्या गणितात. एकाच गाठीत बहुधा दोन नमुने सापडतात, आणि अशा रुग्णांचे मृत्युप्रमाण दोन्ही नमुन्यांच्या मधोमध पडते, असे त्यांना आढळले. म्हणून मुख्य आणि दुय्यम नमुन्यांच्या क्रमांकांची त्यांनी बेरीज केली. गुण झाले २ ते १०.

बेरीज काय लपवते हे गुणपत्रिका भरणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको. ३+४ चे ७ आणि ४+३ चेही ७! पाच केंद्रांतील वीस हजारांवर रुग्णांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे रोग न उलटलेले रुग्ण पहिल्या गटात ८८ टक्के होते, दुसऱ्यात ६३.

दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. अहवालात ६ पाहून रुग्ण समजतो, आजार मध्यम आहे. प्रत्यक्षात बायॉप्सीत आता ६ हाच सर्वांत सौम्य गुण असतो. निरोगी नलिकेभोवती तळपेशींचा थर असतो. कर्करोगात तो नाहीसा होतो. या थरातील केराटिन प्रथिने रंगवणारी प्रतिपिंडे हाती आल्यावर, जुन्या ‘१’ पैकी पुष्कळ गाठींत थर शाबूत असल्याचे दिसले. तो कर्करोग नव्हताच! तरी मोजपट्टी तशीच राहिली. २०१४ च्या शिकागो परिषदेने १ ते ५ असे नवे श्रेणीगट स्वीकारले तेव्हा कुठे ६ ला ‘गट १’ हे नाव मिळाले.

पण वरच्या टक्केवारीत ‘रोग उलटला’ हे ठरवले कशावरून? रक्तातील पी.एस.ए. या प्रथिनावरून. ते निरोगी ग्रंथीही तयार करते. ग्रंथी काढल्यावर ते रक्तात जवळजवळ नसावे. पुन्हा दिसले तर पेशी कुठेतरी उरल्या आहेत. तर्क बिनचूक आहे, पण ग्लीसन यांनी मृत्यू मोजले होते, आपण प्रथिन मोजतो. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख अशा तीन गटांत विभागले होते. २०२३ च्या अहवालानुसार सुमारे १५ वर्षांत या कर्करोगाने दगावले एकूण २.७ टक्के, तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता.

विभाजन पावणाऱ्या पेशींतील केआय-६७ हे प्रथिन अधिक थेट साक्ष देते. मात्र किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे धोका, याची रेषा प्रयोगशाळांगणिक सरकते. म्हणून ते अजून सरसकट वापरात नाही.

गट १ ला कर्करोग म्हणणेच सोडावे, असे काही तज्ज्ञांनी २०२२ मध्ये सुचवले. इतरांचा आक्षेप साधा आहे: सुई जिथून गेली तिथलाच तुकडा काचपट्टीवर येतो, आणि ४ क्रमांकाचा नमुना शेजारीच असू शकतो.