तगर आणि संजाण : एका तुलनेची दुरुस्ती

सोलापुरात प्राचीन व्यापारावर बोलायला उभा राहिलो की तेरचा विषय निघतोच, आणि श्रोते खुलतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथले साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरावर जात असे. विणकरांच्या शहराला याचा अभिमान वाटणारच. अरबांचे नाव काढले की मात्र सभेचा सूर बदलतो. रोमन आले ते गिऱ्हाईक म्हणून, अरब आले ते तलवार घेऊन, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. मीही बरीच वर्षे तीच करत होतो. आता ती मला पुराव्यावर टिकणारी वाटत नाही.

मुळात दोन्ही साम्राज्ये तलवारीवरच उभी राहिली. इ. स. पू. ३० मध्ये रोमने इजिप्त जिंकले, तेव्हा त्याला आपल्याकडच्या समुद्राचे दार मिळाले. अरबांनी सातव्या शतकात इजिप्त, इराक, इराण घेतले. ७६२ मध्ये बगदाद वसले आणि इराणी आखात गजबजले. वारे तेच होते, किनारा तोच होता. फरक एवढाच की रोमचे सैन्य इथवर आले नाही. अरबांचे ७१२ मध्ये सिंधमध्ये आणि पुढे नवसारीपर्यंत आले. हे झाकण्याचे कारण नाही.

पण पुढचा पुरावा काय सांगतो? रोमने आपल्याकडे वस्तू ठेवल्या. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईतील मूर्तीशी नाते सांगते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. माणसे मात्र हाती लागत नाहीत. कार्ले-जुन्नरच्या लेण्यांत 'यवन' दाते आहेत, परंतु यवन हा शब्द मुळात ग्रीकांचा, आणि त्यांची बरीचशी नावे इथलीच झालेली. त्यांतल्या कुणाकडे बोट दाखवून 'हा रोमन' असे म्हणता येत नाही.

अरबांचे उलटे आहे. ९१६च्या सुमारास मसूदी चौलला आला. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले. त्यांत सिराफ, ओमान, बसऱ्याहून आलेले होते, तसेच इथेच जन्मलेलेही होते. राज्य शिलाहार झंझाचे. त्याचा सम्राट राष्ट्रकूट, ज्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड.

याच राष्ट्रकूटांचा शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा ताम्रपट पालघर जिल्ह्यातील चिंचणीला सापडला. त्यानुसार दुसऱ्या कृष्णाने संजाणचा कारभार 'मधुमती' नावाच्या ताजिकाकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. त्याने नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या, अन्नछत्र घातले. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला, तिसऱ्या इंद्राच्या अनुमतीने, जमीन दिली.

आता ७३९चा नवसारीचा ताम्रपट शेजारी ठेवा. त्यात चालुक्य पुलकेशीने ज्यांचा पराभव केला तेही ताजिकच. शब्द एक, तिथे तो शत्रूचा आहे, इथे अधिकाऱ्याचा. दोन्ही ताम्रपट खरे आहेत. एकच वाचणारा अर्धाच इतिहास वाचतो.

हा सलोख्याचा पोवाडा नव्हे. बंदराच्या उत्पन्नाला अरब व्यापारी हवे होते, हा हिशेब राष्ट्रकूटांना नक्कीच कळत असणार. परंतु आपले सोने खेचून नेणाऱ्या भारताविषयी प्लिनी कुरकुरतो, तेव्हा तोही हिशेबच असतो. त्याचे आपण कौतुक करतो. दोन संस्कृतींना एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो असा : इथे आलेल्यांनी काय नेले, काय ठेवले, आणि इथल्यांनी त्यांना कुठे बसवले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांविषयी आहे, म्हणूनच ते टाळू नये.

यापुढे तेरच्या मूर्तीचे चित्र दाखवीन, तेव्हा चिंचणीचा ताम्रपटही वाचून दाखवीन. सभेचा सूर बदलला तरी चालेल.