पूर्वदर्शनातील सुविधा आणि देवनागरीचा प्रश्न : अ‍ॅनिमेशन आज्ञावलीच्या विकासाची एक समीक्षा

सहायक प्राध्यापक (एम. फिल.), घोटावडे, ता. मुळशी, जि. पुणे

सारांश :
बहुमाध्यम अ‍ॅनिमेशनच्या आज्ञावलींमध्ये येऊ घातलेल्या सुविधा विकासकांच्या परिषदेत आधी दाखविण्याची प्रथा संगणक व्यवसायात रूढ आहे. या पूर्वदर्शनांचे मूल्यमापन बहुधा दृश्य चमत्कृतीच्या आधारे होते. प्रस्तुत लेखात २००७ सालच्या 'अ‍ॅडोबी मॅक्स' परिषदेत दाखविल्या गेलेल्या सुविधांचा पुढील प्रवास तपासला असून, मराठी निर्मात्याच्या दृष्टीने त्यांतील सर्वांत महत्त्वाची सुविधा कोणती होती आणि तिचे पुढे काय झाले, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अ‍ॅनिमेशन, फ्लॅश, देवनागरी, युनिकोड, पूर्वदर्शन, शैक्षणिक बहुमाध्यम.

प्रास्ताविक :
साहित्याची समीक्षा आपल्याकडे जशी रुजली, तशी तंत्रसाधनांची समीक्षा रुजली नाही. आज्ञावली बाजारात आली की ती शिकावयाची आणि नवी आवृत्ती आली की पुन्हा शिकावयाची, असा आपला परिपाठ आहे. साधन निर्माण होत असतानाच त्याला प्रश्न विचारावेत, ही जाणीव अपवादानेच आढळते. घोटावडे हे गाव हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानापासून फार दूर नाही. एका बाजूला जगासाठी संगणकप्रणाली घडविणारी वसाहत आणि दुसऱ्या बाजूला मराठी माध्यमातून शिकून आलेला मुळशी तालुक्यातील विद्यार्थी, असे हे शेजार आहे. या विद्यार्थ्याला भाताच्या लावणीवर चार मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट मराठीत करावयाचा असेल, तर त्याच्या हातातील साधन त्याची लिपी जाणते काय? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो सांस्कृतिक आहे.

१. कॅमेऱ्याचे युग :
महाराष्ट्राला अ‍ॅनिमेशन नवे नाही. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्यांना एकेक चौकटीने हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनी १९३४ साली 'जंबूकाका' या व्यंगपटाकडे वळली. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून चित्रपट प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे.

या काळातील कॅमेरा आणि कच्ची फिल्म ही साधने परदेशातून येत असत. परंतु कॅमेऱ्याला लिपीचे वावडे नव्हते. समोर ठेवलेल्या पाटीवर कलावंताने काढलेले अक्षर देवनागरी आहे की रोमन, याच्याशी भिंगाला कर्तव्य नव्हते. जे हाताने लिहिता येई ते पडद्यावर येई. साधन परकीय असूनही भाषेला त्याची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

२. अक्षराचे विदेत रूपांतर :
संगणकावर ही स्थिती पालटली. येथे अक्षर हे चित्र राहत नाही. ते एका क्रमांकाच्या रूपाने साठविले जाते आणि पडद्यावर उमटताना त्याला आकार मिळतो. रोमन लिपीत एका क्रमांकाला एक आकार एवढा साधा संबंध बव्हंशी पुरतो. देवनागरीचे तसे नाही. 'हिंजवडी' हा शब्द लिहिताना 'ह' आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर साठविली जाते, मात्र दिसताना वेलांटी 'ह'च्या डावीकडे यावी लागते. 'ज्ञान' या शब्दातील 'ज', हलन्त आणि 'ञ' मिळून एकच आकृती व्हावी लागते. 'दऱ्या' या शब्दातील चंद्राकार रफार तर मराठीत नेहमीच लागतो. ही पुनर्रचना आज्ञावलीला करता आली नाही, तर पडद्यावर मोडलेली अक्षरे उमटतात.

देवनागरीचे सांकेतिकीकरण त्याआधीच झाले होते. भारतीय मानक 'इस्की' १९९१ मध्ये प्रमाणित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले. परंतु अ‍ॅनिमेशनच्या साधनात ही व्यवस्था झिरपण्यास फार काळ जावा लागला.

फ्लॅशचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९९६ साली 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' या नावाने आलेली ही आज्ञावली मॅक्रोमीडिया कंपनीने घेतली व २००५ मध्ये त्या कंपनीसह ती अ‍ॅडोबीकडे गेली. शैक्षणिक तबकड्या, संकेतस्थळे, बालगीते यांच्यासाठी ती सर्वत्र वापरली गेली. मात्र तिच्या जुन्या मजकूर-व्यवस्थेत फॉन्ट अंतर्भूत केला की युनिकोड मराठीतील जोडाक्षरे तुटत. निर्मात्यांनी यावर दोन तोडगे काढले. पहिला, 'श्री-लिपी'सारख्या संचांतील जुन्या सांकेतिकीकरणाचे फॉन्ट वापरणे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, पण साठवणीत निरर्थक रोमन अक्षरमाला राही. दुसरा तोडगा म्हणजे 'ब्रेक अपार्ट' ही आज्ञा देऊन अक्षरांचे केवळ आकारात रूपांतर करणे. दोन्ही तोडग्यांनी काम भागले, परंतु मजकूर मात्र मजकूर म्हणून उरला नाही.

३. २००७ चे पूर्वदर्शन :
२००७ च्या शरद ऋतूत शिकागो येथे भरलेल्या अ‍ॅडोबी मॅक्स परिषदेत फ्लॅश प्लेअरच्या आगामी आवृत्तीचे, 'अ‍ॅस्ट्रो' या सांकेतिक नावाने, पूर्वदर्शन झाले. त्रिमितीय परिणाम, स्वतः रचता येणारे दृश्य-गाळक आणि प्रगत मजकूर-मांडणी या तीन गोष्टी त्यात प्रमुख होत्या. निर्मिती-आज्ञावलीची पुढील आवृत्ती 'सीएस४' या नावाने २००८ मध्ये आली. पात्राच्या अवयवांना सांध्यांनी जोडून हलविणारे 'बोन' साधन तिच्यात होते.

अशा प्रसंगी लक्ष कोठे जाते, हे सांगावयास नको. पडद्यावर फिरणारे त्रिमितीय पृष्ठ किंवा सांध्यातून वाकणारा हात क्षणात डोळ्यांत भरतो. मजकुराची मांडणी डोळ्यांत भरत नाही. तथापि ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या फ्लॅश प्लेअर १० मधील नव्या मजकूर-यंत्रणेने उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांबरोबरच भारतातील प्रमुख लिप्यांचीही तजवीज केली होती. मराठी निर्मात्यासाठी त्या पूर्वदर्शनातील सर्वांत महत्त्वाची सुविधा हीच होती, कारण त्रिमितीचा भास हाताने रेखाटता येतो, पण मजकुराला त्याचे मजकूरपण हाताने देता येत नाही.

४. सुविधेचा पुढील प्रवास :
प्लेअरमध्ये यंत्रणा आली म्हणून ती निर्मात्याच्या हाती आली असे होत नाही. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही अशा चित्रकाराला ती साधनपेटीतून वापरता यावी, ही सोय 'टीएलएफ टेक्स्ट' या रूपाने फ्लॅश सीएस५ मध्ये, म्हणजे एप्रिल २०१० मध्ये आली. योगायोग असा, की त्याच महिन्यात अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या भ्रमणध्वनी संचांवर फ्लॅश का नको, याचे जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने भ्रमणध्वनीच्या ब्राउझरसाठी फ्लॅश प्लेअरचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. २०१३ च्या 'फ्लॅश प्रोफेशनल सीसी' आवृत्तीतून टीएलएफ मजकुराची सोय काढून घेण्यात आली. याच आवृत्तीतून 'बोन' साधनही वगळले होते, परंतु ते पुढे परत आले. टीएलएफ मात्र परतले नाही. त्याच्या मुक्त संहितेचा वारसा 'अपाची फ्लेक्स' या प्रकल्पाकडे राहिला. २०१६ मध्ये फ्लॅशच्या निर्मिती-आज्ञावलीचे नामकरण 'अ‍ॅनिमेट' असे झाले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपुष्टात आला.

या घटनाक्रमातून कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. कंपनी बाजाराच्या दिशेने जाते, हे स्वाभाविक आहे. पण फलित नोंदविले पाहिजे. साधनपेटीत लिपी पोहोचली तेव्हा व्यासपीठाचा उतार सुरू झाला होता, आणि तीन वर्षांत ती सोयही गेली. ज्या काळात मराठी शैक्षणिक तबकड्या निघत होत्या, तो काळ तोडग्यांवरच निभावला गेला.

याचा परिणाम आज जतनाच्या कामात दिसतो. 'रफल' या मुक्त अनुकरण-प्रणालीमुळे जुने फ्लॅशपट पुन्हा चालविता येतात. इंटरनेट आर्काइव्हने २०२० पासून तिचा उपयोग केला आहे. अशा रीतीने जुना मराठी पाठ पडद्यावर पुन्हा हलू लागेल, परंतु त्यातील 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द शोधू म्हटले तर सापडणार नाही. त्याचा ध्वनीत अनुवाद करून दृष्टिहीन विद्यार्थ्याला ऐकवू म्हटले तर ऐकविता येणार नाही, कारण तेथे शब्द नाहीच, केवळ आकार आहे. चित्र वाचले, भाषा वाचली नाही.

५. एक आक्षेप व त्याचा विचार :
अ‍ॅनिमेशन ही चित्राची कला आहे, तिला मजकुराची गरज काय, असा आक्षेप घेतला जाईल. कथापटापुरता तो काही अंशी ग्राह्य आहे. परंतु शैक्षणिक पटात आकृतीतील नावे, सूचना, प्रश्न आणि उपशीर्षके हा आशयाचाच भाग असतो. हृदयाच्या कप्प्यांची हालचाल उत्तम दाखविली आणि नावे इंग्रजीत राहिली, तर मराठी माध्यमातील मुलाच्या पदरी अर्धाच पाठ पडतो.

दुसरा आक्षेप असा, की आता हा प्रश्न सुटला आहे. अ‍ॅनिमेटमधून एचटीएमएल-५ स्वरूपात पट काढल्यास त्यातील परिवर्तनीय मजकूर ब्राउझर स्वतः रेखाटतो. क्रोम, फायरफॉक्स हे ब्राउझर 'हार्फबझ' या मुक्त यंत्रणेद्वारे देवनागरी योग्य मांडतात. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र ती घडली ती मुक्त मानकांमुळे, परिषदेतील पूर्वदर्शनामुळे नव्हे, ही बाब दृष्टिआड करता येत नाही.

६. पूर्वदर्शनासाठी निकष :
पूर्वदर्शनांची परंपरा चालूच आहे. २०२४ च्या मॅक्स परिषदेत 'प्रोजेक्ट टर्नटेबल' दाखविले गेले. सपाट सदिश चित्र त्रिमितीय वस्तूप्रमाणे फिरविता येणे, ही त्यातील कल्पना थक्क करणारी होती. अशा प्रत्येक वेळी मराठी अध्यापकाने व निर्मात्याने पुढील चार कसोट्या लावाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

(अ) लिपीची कसोटी : 'हिंजवडी', 'दऱ्या', 'ज्ञान', 'सह्याद्री', 'कर्तृत्व' हे पाच शब्द युनिकोडमध्ये टंकून पाहावेत. ते न मोडता हलले पाहिजेत.
(आ) परतीची कसोटी : तयार पटातून हा मजकूर पुन्हा नकलून घेता आला पाहिजे.
(इ) टिकाऊपणाची कसोटी : आज्ञावली बंद पडल्यास काम अन्य साधनात उघडेल, अशा खुल्या स्वरूपात ते साठविता आले पाहिजे.
(ई) हाताची कसोटी : सुविधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुरती आहे की चित्रकारालाही थेट मिळते, हे तपासावे.

२००७ मधील सुविधांना या कसोट्या तेव्हाच लावल्या असत्या, तर मजकूर-यंत्रणा प्लेअरमध्ये येऊनही चौथ्या कसोटीवर अडली आहे, हे वेळीच ध्यानात आले असते आणि तशी मागणी नोंदविता आली असती.

निष्कर्ष :
१. पूर्वदर्शनात दृश्य चमत्कृतीला अग्रक्रम मिळतो, तर भाषिक सुविधा दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.
२. फ्लॅशच्या बाबतीत देवनागरीची सोय उशिरा आली, अल्पकाळ टिकली आणि मागणीअभावी तिचे जाणे कोणाच्या फारसे ध्यानातही आले नाही.
३. तोडग्यांनी निर्माण झालेले साहित्य दिसते, पण वाचले वा शोधले जाऊ शकत नाही. त्याचे पुनर्लेखन युनिकोडमध्ये होणे आवश्यक आहे. ज्या महाविद्यालयांकडे अशा तबकड्या आहेत, त्यांनी हे काम विद्यार्थी-प्रकल्प म्हणून हाती घेण्याजोगे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा सन्मान भूतकाळाच्या समृद्धीचा आहे. भविष्यातील समृद्धी मात्र मुलांच्या पडद्यावर हलणाऱ्या अक्षरांवर अवलंबून राहील. ती अक्षरे मोडू नयेत यासाठी साधने घडत असतानाच त्यांना मराठीतून प्रश्न विचारणे, हे भाषेच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.