नांगर आणि छावणी : नेब्रास्काच्या वसाहत-वाङ्मयाविषयी

नव्या मुलखात जाऊन स्थिरावलेल्या लोकांचे वाङ्मय वाचताना एक प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे : ही जमीन यांच्या हाती आली कशी? वरवर पाहता हा प्रश्न इतिहासाचा आहे. परंतु तो वाङ्मयाचाही आहे, कारण कथा कोठून सुरू करायची याचा निर्णय लेखक घेतो आणि त्या निर्णयावरच कथेतील नायक कोण, साक्षीदार कोण आणि अनुपस्थित कोण हे ठरून जाते. अमेरिकेतील नेब्रास्का या राज्याला विला कॅथर (१८७३–१९४७) आणि मारी सँडोझ (१८९६–१९६६) अशा दोन समर्थ लेखिका लाभल्या. दोघींचा विषय एकच, माळरानावरची पहिली वस्ती. मात्र त्या वस्तीच्या मागे उभी असलेली लष्करी छावणी एकीच्या लेखनात जवळजवळ दिसत नाही, तर दुसरीच्या लेखनातून ती हलतच नाही. या फरकाचे वाङ्मयीन मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेब्रास्का प्रदेश म्हणून १८५४ साली आखला गेला आणि १८६७ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. १८६० साली या प्रदेशाची नोंदलेली लोकसंख्या सुमारे २९ हजार होती. १८८० साली ती साडेचार लाखांवर गेली. या आकड्यांच्या अगोदर आणि बरोबरीने लष्कर चालत होते. मिसूरीकाठचे फोर्ट अॅटकिन्सन १८२० च्या सुमाराचे. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवरचे फोर्ट कर्नी १८४८ चे. वायव्येचे फोर्ट रॉबिन्सन १८७४ चे. 'फोर्ट' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तट-बुरूज येतात. या मैदानी मुलखातील बहुतेक ठाणी तशी नव्हती. मध्ये कवायतीचे मोकळे पटांगण आणि त्याभोवती बराकी, तबेले, कोठारे असा त्यांचा थाट असे. त्यांना छावणी म्हणणेच रास्त. छावणी आणि शेत यांचे नातेही केवळ पहाऱ्याचे नव्हते. १८७४ साली टोळधाडीने पिके फस्त केली, तेव्हा नॉर्थ लूप नदीच्या खोऱ्यातील शेतकरी फोर्ट हार्टसफच्या बांधकामावर मजुरी करून तगले. लष्कराने रोजगार दिला नसता तर ती वस्ती कदाचित उठलीच असती.

विला कॅथर १८८३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, व्हर्जिनियाहून या मुलखात आली. ज्या गावाच्या परिसरात ती वाढली त्याचे नाव रेड क्लाउड. हे नाव ओगलाला लाकोटांच्या एका पुढाऱ्याचे आहे, ज्याने १८६८ साली अमेरिकी लष्कराला बोझमन वाटेवरची ठाणी सोडावयास लावली. गाव वसले तेव्हा हा पुढारी हयात होता, आणि पुढे १९०९ पर्यंत जगला. गावाच्या पहिल्या रहिवाशांनी १८७० साली हल्ल्याच्या भीतीने मेढेकोट उभारला होता. कॅथरच्या जन्मवर्षीच, १८७३ च्या ऑगस्टात, याच रिपब्लिकन नदीच्या वरच्या अंगाला शिकारीस निघालेल्या पॉनी लोकांवर सू योद्ध्यांनी प्राणघातक हल्ला केला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पॉनींनी आपला पिढीजात मुलूख कायमचा सोडला. म्हणजे कॅथर तेथे पोहोचली तेव्हा ती भूमी कोरी नव्हती. ती नुकतीच रिकामी झालेली होती.

'माय अँटोनिया' (१९१८) ही तिची सर्वात लोकप्रिय कादंबरी या रिकामेपणाने भारलेली आहे. बोहेमियातून आलेल्या कुटुंबाचे हाल, परक्या भाषेतली कुचंबणा, वृद्ध शिमर्डाचा आत्मघात, आणि या सर्वांतून तावून निघालेली अँटोनिया यांचे चित्रण इतके सच्चे आहे की परदेशी वसलेल्या कोणत्याही समाजाला त्यात आपले प्रतिबिंब दिसावे. तिचे हे यश निर्विवाद आहे. तरीही या कादंबरीतील दोन जागा बारकाईने पाहिल्या पाहिजेत.

पहिली जागा गवतातल्या वर्तुळाची. निवेदक जिम बर्डन याला घराजवळच्या कुरणात एक मोठे, पुसट वर्तुळ दिसते. मूलनिवासी तेथे घोडे दौडवीत असत, अशी समजूत आहे. घरचे गडी म्हणतात, मधोमध खांबाला कैदी बांधून ते त्याचा छळ करीत. आजोबांच्या मते ते नुसत्या शर्यती लावीत असतील वा घोडे शिकवीत असतील. हलके बर्फ पडले की वर्तुळ स्पष्ट उमटते आणि जिमला तो शुभशकुन वाटतो. प्रसंग सुंदर आहे. परंतु ते घोडेस्वार गेले कोठे, हे घरातील एकही माणूस विचारीत नाही. खूण शिल्लक आहे, तिचे सौंदर्य शिल्लक आहे, आणि खूण करणारे लोक मात्र जणू ऋतूसारखे निघून गेले आहेत.

दुसरी जागा नदीकाठच्या सहलीची. जिम मैत्रिणींना स्पॅनिश सरदार कोरोनाडोची गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याला नांगरताना जुनी रिकीब आणि स्पॅनिश अक्षरे कोरलेली तलवार सापडली होती, म्हणून कोरोनाडो येथवर आला असलाच पाहिजे, अशी त्याची खात्री आहे. त्यानंतर लगेच मावळत्या सूर्याच्या बिंबावर काळा उमटलेला नांगर दिसतो. हे या कादंबरीतील सर्वात गाजलेले चित्र. तलवार आणि नांगर इतक्या जवळ ठेवणारी लेखिका शस्त्र आणि शेती यांचे नाते जाणत नव्हती, असे म्हणता येणार नाही. पण तिने तलवार निवडली ती १५४१ च्या मोहिमेची, परक्या राजाची, साडेतीनशे वर्षांपूर्वीची. जिमच्या आजोबांची जमीन ज्या सैन्याने मोकळी केली, त्याच्या बंदुका कुरणात सापडत नाहीत. दूरच्या तलवारीची आठवण काढण्यास काही किंमत पडत नाही. जवळच्या बंदुकीची आठवण सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते.

'अ लॉस्ट लेडी' (१९२३) मध्ये हा पेच अधिक उघड होतो. कॅप्टन फॉरेस्टर हे पात्र रेड क्लाउडचे संस्थापक आणि नेब्रास्काचे एके काळचे गव्हर्नर सायलस गार्बर यांच्यावरून घेतलेले. आपल्या घराची जागा कशी सापडली हे फॉरेस्टर जेवणाच्या टेबलावर सांगतो. टेकडीवर मूलनिवाशांचा तळ होता. ती जागा मनात भरली. त्याने विलोची एक काठी तेथे रोवली. वर्षांनी परत आला तेव्हा काठीला मुळे फुटली होती. लेखिका या स्वप्नाकडे आदराने पाहते. पुढे आयव्ही पीटर्स नावाचा हलक्या मनोवृत्तीचा वकील येतो. तो मूलनिवाशांकडून चांगली जमीन कवडीमोलाने पदरात पाडून घेतो, आणि तेथे मात्र वाचकाला तिटकारा वाटावा अशी योजना आहे. तळावर काठी रोवणारा थोर आणि कागदावर जमीन लुबाडणारा नीच, ही विभागणी कलेच्या दृष्टीने सोयीची आहे. नीतीच्या दृष्टीने ती टिकत नाही. काठीला मुळे फुटली हे कॅथरने सांगितले. तळ कोणी उठवला हे तिने सांगितले नाही.

प्रत्येक कादंबरीने सगळा इतिहास सांगावा, अशी मागणी करणे असमंजसपणाचे ठरेल. पण येथे आक्षेप बाहेरून आणलेला नाही. वर्तुळ, तलवार आणि तळ ही तिन्ही कॅथरनेच आपल्या कथेत ठेवली आहेत. दार तिने उघडले आणि उंबऱ्यावरच ती थांबली, इतकेच आपण म्हणतो.

मारी सँडोझ हा उंबरा ओलांडते. तिचे वडील ज्यूल्स सँडोझ हे स्वित्झर्लंडहून येऊन १८८४ साली नायोब्रारा नदीकाठी वसले. त्यांचे चरित्र 'ओल्ड ज्यूल्स' १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला 'अटलांटिक मंथली'चे पाच हजार डॉलरांचे पारितोषिक मिळाले. मुलीने लिहिलेले बापाचे इतके निर्भीड चरित्र क्वचित आढळते. चार लग्ने, बायकांना मारहाण, शेजाऱ्यांशी आणि गुरांच्या बड्या मालकांशी वैर. आणि त्याच माणसाची फळबागांची हौस, नव्या लोकांना जमिनी दाखवून वसवण्याची जिद्द. काहीच झाकलेले नाही. या पुस्तकाच्या आरंभीच ज्यूल्स विहीर खोदताना दोरावरून खाली कोसळतो आणि त्याचा घोटा चुरगळतो. त्याला फोर्ट रॉबिन्सनला नेतात. तेथील तरुण डॉक्टर पाय कापू पाहतो. ज्यूल्स नकार देतो. डॉक्टर पाय वाचवतो. हा डॉक्टर म्हणजे पुढे क्यूबात पीतज्वराचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे वॉल्टर रीड.

आता हीच छावणी सँडोझच्या अन्य दोन पुस्तकांत पाहा. 'क्रेझी हॉर्स' (१९४२) चा शेवट तेथेच होतो. शरण आलेल्या या लाकोटा योद्ध्याला ५ सप्टेंबर १८७७ रोजी तेथील कोठडीच्या दाराशी झटापटीत संगीन लागते आणि त्याच रात्री तो प्राण सोडतो. 'शायान ऑटम' (१९५३) मध्ये दक्षिणेच्या राखीव प्रदेशात उपासमार आणि हिवतापाने गांजलेले सुमारे तीनशे शायान १८७८ च्या सप्टेंबरात मायदेशाकडे चालू लागतात. त्यांपैकी डल नाइफच्या गटातील १४९ जणांना फोर्ट रॉबिन्सनच्या एका बराकीत ठेवण्यात येते. दक्षिणेला परतण्यास ते नकार देतात, तेव्हा ऐन जानेवारीत त्यांचे अन्न आणि जळण तोडले जाते, पुढे पाणीही. ९ जानेवारी १८७९ च्या रात्री ते खिडक्यांतून बर्फात उड्या टाकतात. त्या रात्री आणि पुढच्या पाठलागात साठांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बायका आणि मुले होती.

या घटनेनंतर पाच वर्षांनी त्याच ठिकाणी ज्यूल्स सँडोझचा पाय वाचला. एकाच पटांगणाभोवती एकाला कोठडी, एकाला उपासमार आणि एकाला शुश्रूषा मिळाली. सँडोझच्या लेखनाचे मोठेपण मला या जुळणीत दिसते. तिच्या लहानपणी वृद्ध सू आणि शायान तिच्या वडिलांच्या घराजवळ तळ ठोकीत. त्यांच्या गोष्टी ऐकत ती वाढली, आणि १९३० साली एलेनॉर हिनमन यांच्याबरोबर राखीव प्रदेशांत हिंडून क्रेझी हॉर्सला ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती तिने घेतल्या.

मात्र तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. क्रेझी हॉर्सच्या मनातले विचार आणि एकांतातले शब्द ती अशा खात्रीने लिहिते की कागद कोठे संपला आणि कल्पना कोठे सुरू झाली हे कळत नाही. इतिहासकारांनी याबद्दल तिला दोष दिला तो अनाठायी नाही. लाकोटा बोलीचा भास आणणारी तिची इंग्रजी कित्येकदा सगळ्याच पात्रांना एकाच सुरात बोलावयास लावते. आणि मुख्य गोष्ट अशी की बापाची कथा एका पुस्तकात आणि शायानांची दुसऱ्या पुस्तकात राहिली. 'ओल्ड ज्यूल्स'मध्ये जमिनीचे भांडण चालते ते प्रामुख्याने शेतकरी आणि गुरांचे मालक यांच्यात. मूलनिवासी तेथे पाहुणे म्हणून येतात. दोन पुस्तकांना जोडणारा सांधा वाचकालाच भरून काढावा लागतो. कॅथरपेक्षा ती पुढे गेली, पण आपल्या घराच्या अंगणात तीही काहीशी अडखळली.

म्हणून या दोघींच्या शेजारी तिसरे, छोटेसे पुस्तक ठेवावे असे सुचवतो. फ्रान्सिस ला फ्लेश हे ओमाहा जमातीचे अभ्यासक. नेब्रास्कातील ओमाहा राखीव प्रदेशातल्या मिशन-शाळेतील आपल्या बालपणावर त्यांनी 'द मिडल फाइव्ह' (१९००) हे पुस्तक लिहिले. त्यात लढाई नाही, आक्रोश नाही. खोडकर मुलांची मैत्री आहे. पण शाळेत पाऊल ठेवताच मुलाचे मूळ नाव काढून त्याला इंग्रजी नाव दिले जाते, हे ते शांतपणे नोंदवतात. रेड क्लाउड हे नाव गोऱ्यांच्या गावाला शोभले; ओमाहा मुलाचे नाव मात्र त्याच्या स्वतःच्या अंगावर राहू शकले नाही. वसाहत पुरी झाली ती या टप्प्यावर.

या नियतकालिकाच्या वाचकांत अशी अनेक घराणी आहेत, ज्यांचे पूर्वज फौजेबरोबर किंवा फौजेच्या पाठोपाठ दूरच्या मुलखात गेले. ग्वाल्हेरच्या एका मोठ्या भागाचे तर नावच लष्कर, आणि ते दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या तळावरून पडले. नेब्रास्काशी आपली तुलना करणे चुकीचे होईल. येथे कोणाही मूळ रहिवाशांना उठवून राखीव प्रदेशात कोंडले गेले नाही. तरीही घराण्यांचे इतिहास, स्मरणिका आणि आठवणी आपण हौसेने लिहितो, आणि त्यांत देऊळ, वाडा, शाळा, गणेशोत्सव यांची वर्णने भरभरून येतात. ते घराणे तेथे गेले तेव्हा तेथे कोण राहत होते, आणि त्यांनी आपल्याला कसे पाहिले, याविषयी किती ओळी येतात, हे प्रत्येकाने आपापल्या कपाटातील पुस्तक उघडून पाहावे.

कॅथर वाचू नये, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. आधी 'माय अँटोनिया' वाचावी, मग 'ओल्ड ज्यूल्स', मग 'शायान ऑटम', आणि शेवटी 'द मिडल फाइव्ह'. या क्रमाने वाचून पुन्हा पहिल्या कादंबरीकडे वळले, तर कुरणातले ते वर्तुळ केवळ शुभशकुन राहत नाही. मावळत्या सूर्यावरचा नांगर तितकाच सुंदर दिसतो. फक्त त्याच्या मागे, क्षितिजाच्या पलीकडे, बराकींची एक रांग आहे हे आता वाचकाला ठाऊक असते.