लिनक्स कर्नलमधील बहुकार्यी चिपची ड्रायव्हर-रचना : एक चिकित्सा

एकाच चिपमध्ये अनेक कार्ये सामावलेली असतील, तर तिचा ड्रायव्हर कोठे ठेवावा, हा केवळ फायलींच्या मांडणीचा नव्हे, तर जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीडब्ल्यूएल४०३० ही चिप वीजपुरवठ्याचे नियमन, घड्याळ, कीपॅड व ध्वनी ही कामे एकत्रितपणे करते. लिनक्स कर्नलमध्ये तिचा सामाईक गाभा ‘एमएफडी’ विभागात, तर प्रत्येक कार्याचा ड्रायव्हर त्या त्या विषयाच्या विभागात आहे. त्यामुळे घड्याळाचा कोड घड्याळाच्या जाणकारांकडून तपासला जातो. हे या रचनेचे खरे सामर्थ्य होय.

परंतु विभागणी झाली म्हणजे परावलंबन संपले, असे नव्हे. या गाभ्याने चिपची माहिती एकाच सामाईक चलात ठेवली आहे. उपड्रायव्हर गाभ्याची फंक्शने बोलावतात, तेव्हा ‘कोणती चिप’ हे सांगतच नाहीत. परिणामी एका यंत्रात अशी दुसरी चिप आल्यास गाभा ती नाकारतो. २०११ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या ‘रेगमॅप’चा स्वीकार पुढे या गाभ्याने केला, तरी हे गृहीतक कायम राहिले. तात्पर्य, फोल्डर वेगळे करणे ही रचनेची सुरुवात होय. प्रत्येक उपड्रायव्हरला आपली चिप ओळखता येणे, ही तिची खरी कसोटी म्हणता येईल.